शॉकअप किती घट्ट असावा?

ज्या गृहस्थांनी आपल्या मोटारीचे कारखान्यातून आलेले साधे शॉकअप उतरवून त्यांच्या जागी पिवळ्या-निळ्या रंगाचे, जुळवून घेता येण्याजोगे आणि किमतीने बरेच भारी असे शॉकअप बसवून घेतले आहेत, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास कानी येतो. एवढा पैसा ओतला, तरी स्वारगेटहून निघून कात्रजच्या घाटाला लागेपर्यंत गाडी अंगाचे सांधे खिळखिळे करते. तेव्हा हे शॉकअप आणखी घट्ट करावेत, की सैल? स्वारगेटच्या आसपास एखाद्या गॅरेजात हा प्रश्न घेऊन गेले, तर बहुधा एकच उत्तर मिळते: "साहेब, फुल टाइट करून टाकू, गाडी रस्त्याला चिकटून राहील." असे सांगणारा कारागीर लबाड असतो असे मुळीच नाही, त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे शॉकअप थकलेलेच असल्यामुळे घट्टपणा आणि चांगुलपणा या दोन गोष्टी त्याच्या हिशेबी एकच होऊन बसलेल्या असतात. परंतु घट्टपणाची इयत्ता स्प्रिंगने मुक्रर केलेली असते, आणि शॉकअपवरचा नॉब हा त्या इयत्तेपर्यंत अलगद पोहोचण्यासाठी दिलेला असतो, तिच्या पलीकडे जाण्यासाठी नव्हे. हे उलगडण्यासाठी थोडे मुळापासून निघावे लागेल.

१. स्प्रिंगचे काम आणि शॉकअपचे काम

रस्त्यावरचा धक्का शॉकअप सोसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः धक्का अंगावर घेते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग आकुंचन पावते, चाकाच्या हालचालीची ऊर्जा स्वतःत साठवून ठेवते आणि सांगाड्याला ती एकदम कळू देत नाही. मात्र जे साठविले ते ती लगेच परत करू लागते, आणि परतफेड करून स्वस्थ न बसता गाडीला वर उसळविते, खाली आणते, पुन्हा उसळविते. ही देवघेव कोणीतरी मध्ये पडून मिटवावी लागते, आणि ते काम शॉकअपचे. हालचालीची तो उष्णता करतो व ती वाऱ्यावर सोडून देतो. खराब रस्त्यावर बराच वेळ दौडलेल्या गाडीच्या शॉकअपचे नळकांडे हाताला गरम लागते ते याच कारणाने.

एक दाखला घेऊ. चाकणच्या कारखान्यात २००९ ते २०२२ या काळात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो ही अशा फेरफारांच्या हौशी मंडळींची विशेष आवडती. तिच्या आकारमानाच्या गाडीच्या पुढील एका चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो आणि तेथील स्प्रिंग दर २० किलोंना १ सेंटिमीटर दबते, असे धरू. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग १५ सेंटिमीटर बसलेली असते. आता गंमत अशी की, भाराखाली १५ सेंटिमीटर बसलेली कोणतीही स्प्रिंग, मग ती मोटारीची असो की मालट्रकची, मोकळी सोडली असता सेकंदाला साधारण १.३ हेलकावे खाते. हा तिचा स्वभाव शॉकअपला बदलता येत नाही. ते हेलकावे लवकर मरतात की रेंगाळतात, एवढेच त्याच्या हाती असते.

१ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी एसटीची पहिली फेरी झाली, आणि त्यानंतर कित्येक दशके आमच्या स्थानकांत येणाऱ्या गाड्या पोलादी पाट्यांच्या चळतीवर उभ्या असत. हे पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घर्षणातच बरेचसे हेलकावे जिरून जात. पाट्यांमध्ये गंज धरला की घर्षण अतोनात वाढे आणि उतारूंची आतडी हलत, हा भाग निराळा. मोटारीतील गुंडाळीच्या स्प्रिंगला असे अंगचे घर्षण जवळजवळ नसते, म्हणून तिला शॉकअपवाचून गत्यंतर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रुफो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आणि पुढे अमेरिकेत हार्टफर्डने चकत्या एकमेकींवर दाबून त्यांच्या घर्षणाने काम भागविणारी जी साधने काढली, त्यांत एक दोष होता: घर्षण हळू हालचालीला जितके अडवी, तितकेच जोरदार हालचालीलाही, आणि त्यामुळे बारीक खडखडीला गाडी ताठ राही तर मोठ्या खड्ड्यात हात टेकी. या अडचणीतून वाट काढली ती तेलाने.

२. तेलाची अडवणूक

रंगपंचमीच्या दिवशी पिचकारीचा दांडा सावकाश ढकलला तर पाणी निमूटपणे बाहेर पडते, आणि तोच दांडा एकदम रेटला तर हाताला रग लागते. छिद्र तेच, पाणी तेच, परंतु वेगाबरोबर विरोध वाढतो. शॉकअपच्या नळकांड्यात तेल भरलेले असते, त्यात दांड्याच्या टोकाशी बसविलेला दट्ट्या फिरतो, आणि दट्ट्याच्या छिद्रांतून व झडपांतून तेलाला वाट काढावी लागते. झडपा अशा योजलेल्या असतात की, दांडा आत जाताना म्हणजे आकुंचनाच्या वेळी विरोध कमी व्हावा आणि बाहेर येताना म्हणजे प्रसरणाच्या वेळी अधिक व्हावा. कारागीर यांना कंप्रेशन आणि रिबाउंड म्हणतात. प्रसरणाला अधिक रोध कशासाठी, तर दबलेली स्प्रिंग सुटताना गाडीला फेकू पाहते, तिला त्याच वेळी आवरणे अगत्याचे असते. उलट चाक उंचवट्यावर चढत असताना फार अडवणूक केली, तर तो धक्का शॉकअपमधूनच सरळ सांगाड्यात शिरतो.

तेलाची एक खोड आहे. ते जोराने घुसळले जाऊन त्यात हवेचे बुडबुडे मिसळले की फेस होतो, आणि फेसाला रोध करता येत नाही. साध्या, म्हणजे दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीबाहेर तेलाचा साठा आणि त्यावर हवा किंवा कमी दाबाचा वायू असतो. लांबच लांब खराब रस्ता लागला की तेथे फेस धरण्याचा संभव राहतो. यावर ख्रिस्तियन बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने अशी तोड काढली की, एकच नळी घ्यावी, तिच्या एका टोकाला भारी दाबाचा नायट्रोजन वायू कोंडावा, आणि वायू व तेल यांच्यामध्ये एक सरकता दट्ट्या ठेवून दोघांची भेटच होऊ देऊ नये. बिलस्टाइन या जर्मन कंपनीने हा प्रकार १९५७ पासून मर्सिडीज-बेंझसाठी तयार करावयास आरंभ केला. दुसरीकडे, १८५७ मध्ये घोडागाड्यांच्या सामानापासून सुरुवात केलेल्या कोनी या डच कंपनीने जुळवून घेता येण्याजोग्या शॉकअपवर आपला लौकिक उभारला, आणि त्या जुळणीचा एक मूळ हेतू असा की, वापराने जो रोध घटतो तो मालकाला भरून काढता यावा. खेळाची आणि शर्यतीची हौस नॉबला पुढे येऊन चिकटली. आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईच्या मुलुंडला सुरू झाली, आणि आज तिचा कारखाना चाकणलाही आहे.

३. गाडीचा वेग निराळा, दांड्याचा वेग निराळा

महागड्या शॉकअपच्या पत्रकात 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे दोन शब्द आढळतात, आणि वाचणारा सहजच समजतो की पहिला शहरासाठी व दुसरा द्रुतगती मार्गासाठी. तसे नाही. हा वेग दांड्याचा. कात्रजच्या घाटात वळण घेताना गाडी बाहेरच्या बाजूला ३ सेंटिमीटर कलते आणि त्याला अर्धा सेकंद लागतो, असे धरले तर दांड्याची चाल सेकंदाला अवघी ६ सेंटिमीटर होते, मग गाडी ताशी ५० किलोमीटरने का जात असेना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्याजोगा असावा, असे सांगितले आहे; असा गतिरोधक कोठे भेटलाच, तर त्याचा माथा गाठायला चाकाला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे चाक सेकंदाला सरासरी ३७ सेंटिमीटर वेगाने वर चढते. आणि ताशी ३६ किलोमीटरने जाणारे चाक २० सेंटिमीटर अंतरात ४ सेंटिमीटर उंच अशा खड्ड्याच्या कडेवर आदळले, तर तोच वेग सेकंदाला २ मीटर होतो! टायर यातले बरेच खाऊन टाकतो हे खरे. तरीही वळण आणि खड्डा यांच्या वेगांत कित्येक पटींचा फरक उरतोच.

या दोहोंसाठी शॉकअपमध्ये दोन निरनिराळ्या वाटा असतात. संथ हालचालीत तेल एका बारीक कायमच्या छिद्रातून जाते; वेग वाढला की पातळ पोलादी चकत्यांची चळत वाकते आणि मोठी वाट खुली होते. साध्या एका नॉबच्या शॉकअपमध्ये नॉब फिरविल्याने बहुधा ते बारीक छिद्रच लहान-मोठे होते. आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे: गाडी ब्रेक लावताना नाक खुपसते, वळणावर आळसावून कलते, गतिरोधकानंतर डुलत राहते, या तक्रारींवर नॉबचा अंमल चालतो, खड्ड्याच्या कडेचा कडाडून बसणारा दणका त्याच्या इलाख्याबाहेरचा असतो, आणि त्यासाठी टायरमधील हवा, रबरी बुश व पुढे सांगितलेला बंप स्टॉप यांच्याकडे वळावे लागते.

४. घट्ट म्हणजे किती घट्ट?

दाबून सोडलेली गाडी एकदाही पलीकडे न डुलता लवकरात लवकर आपल्या जागी येऊन थांबेल, एवढ्या रोधाला १०० अंश मानू. साध्या घरगुती गाडीत तो या मापाने २० ते ४० अंशांच्या घरात ठेवतात; गुळगुळीत शर्यतमार्गावर ६०-७० पर्यंत नेतात. १०० का ठेवीत नाहीत, असा प्रश्न सुचेल. तर तेवढ्या रोधाने गाडी डुलणार नाही, परंतु प्रत्येक उंचवटा सांगाड्याला जसाच्या तसा कळेल आणि चाक खड्ड्यात वेळेवर उतरणारही नाही.

आता ३० अंश रोध असलेली आपली वरची गाडी १० सेंटिमीटर उसळली आहे, असे समजा. एक पूर्ण हेलकावा संपेतो ती उसळी १.४ सेंटिमीटरवर येते, म्हणजे प्रकरण मिटल्यासारखेच. शॉकअप थकून रोध १० अंशांवर आला असेल, तर पहिल्या हेलकाव्यानंतर ५.३, दुसऱ्यानंतर २.८ आणि तिसऱ्यानंतर कोठे १.५ सेंटिमीटर उरतात. एका हेलकाव्याला पाऊण सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटरने चांगली गाडी १३ मीटरांत सावरते, थकलेली गाडी सावरेपर्यंत ३८ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या सबंध अंतरात तिच्या चाकांवरचा भार कमी-अधिक होत असल्याने ब्रेकही कमी-अधिक लागतो. पावसाळ्यात कात्रजचा उतार उतरताना या २५ मीटरांची किंमत काय होते, ते सांगावयास नको.

दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो सहसा कोणी करीत नाही. गाडी जरा खाली बसावी म्हणून जी आखूड व कडक स्प्रिंग घालतात, ती मूळ स्प्रिंगपेक्षा २० टक्के कडक असेल, तर तिला आवरण्यासाठी रोध किती वाढवावा? सुमारे १० टक्के. स्प्रिंग दुप्पट कडक झाली, तरी रोध सुमारे ४० टक्केच वाढवावा लागतो. तेव्हा स्प्रिंग थोडीशी कडक झाली म्हणून नॉब शेवटापर्यंत आवळणाऱ्याने गरजेच्या कितीतरी पुढे मजल मारलेली असते.

५. जुळणी

नॉबला हात लावण्यापूर्वी चारही टायरमधील हवा थंड स्थितीत तपासावी, बुश आणि वरचे माउंटिंग खिळखिळे नाहीत हे पाहावे, आणि दांड्यावर असलेला रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉप निरखावा. हा बंप स्टॉप म्हणजे शॉकअपची चाल संपण्यापूर्वीचा शेवटचा अडसर. उंची कमी केलेल्या बहुसंख्य गाड्या प्रत्येक मध्यम खड्ड्याला या अडसरावर जाऊन आपटत असतात आणि मालक बिचारा नॉब फिरवीत बसलेला असतो. खात्री करून घेण्याचा उपाय अगदी स्वस्त आहे: दांड्याचा उघडा भाग हाती लागत असेल तर त्यावर प्लॅस्टिकची बारीक पट्टी, जिला दुकानात झिप टाय म्हणतात ती, हलकेच आवळून नळकांड्याच्या तोंडाशी सरकवून ठेवावी आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून यावे. पट्टी सरकत सरकत बंप स्टॉपला भिडलेली आढळली, तर दोष रोधाचा नसून चालीचा आहे, आणि त्यावर गाडीची उंची वाढविणे हाच इलाज. नळकांड्याला आटे पाडलेल्या शॉकअपमध्ये ही उंची बदलता येते; मात्र ती बदलली की चाकांचे अलाइनमेंट नव्याने करून घ्यावेच लागते.

नॉब बहुधा बॉनेट उघडल्यावर दांड्याच्या माथ्याशी मिळतो, मागच्या बाजूला डिकीतील अस्तर उचलावे लागते. तो बोटांनी फिरवावा, पक्कडीने नव्हे. खटके असलेला असेल तर प्रथम हलक्या हाताने पूर्ण बंद करावा आणि तेथून उघडत खटके मोजावेत, कारण बंद हे टोक नक्की असते. समजा एकूण १६ खटके आहेत. पूर्ण बंद करून १२ खटके उघडावेत, एका आसाच्या दोन्ही बाजू समान ठेवाव्यात, तारीख, हवेचा दाब आणि खटके वहीत टिपून घ्यावेत, आणि पहाटे रहदारी सुरू होण्यापूर्वी सातारा रस्त्याने कात्रजपर्यंत एक ठरीव फेरी मारावी. गतिरोधकानंतर गाडी एकाहून अधिक वेळा डुलली, तर रिबाउंड दोन खटक्यांनी घट्ट करून तीच फेरी पुन्हा. एका वेळी एकच फेरफार. पुढचे आणि मागचे एकाच दमात बदलले, तर सुधारणा कशाने झाली याचा पुरावा उरत नाही.

रिबाउंड फाजील घट्ट झाल्याची खूण ओळखता आली पाहिजे. लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला पुन्हा पूर्ण उलगडावयास सवडच मिळत नाही, गाडी प्रत्येक उंचवट्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते, आणि चौथा-पाचवा धक्का पहिल्याहून कठोर लागतो. अशा वेळी अननुभवी माणसाला शॉकअप मऊ वाटून तो आणखी आवळतो. कंप्रेशनचा निराळा नॉब असल्यास तो शेवटी, आणि ब्रेक लावताना नाक जास्तच खुपसले जात असेल तरच हलवावा. वळणात गाडी अखेर किती कलेल, हे स्प्रिंग आणि कलणे आवरणारा दांडा, म्हणजे अँटीरोल बार, ठरवितात. तेथवर ती किती चटकन पोहोचेल, एवढेच शॉकअप ठरवितो.

काही जुन्या पद्धतीच्या शॉकअपना बाहेरून नॉब नसतो. ते गाडीतून काढून, दांडा पूर्ण आत दाबून, आतील जुळणीची चकती पकडेपर्यंत हळूच फिरवावा लागतो. आधी सैल टोक शोधून तेथून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्या मोजावयाच्या, आणि टोक लागल्याची जाणीव होताच जोर बंद करावयाचा.

६. निगा

दांड्याच्या तोंडाशी तेलाचा पातळ थर आणि त्यावर बसलेली धूळ दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. दांडा प्रत्येक फेरीत तेलाचा किंचित अंश बाहेर आणतोच, आणि सीलला त्याची गरजही असते. नळकांड्यावर ओघळ उतरले असतील, तर मात्र सील गेले. सील जाण्याचे एक हमखास कारण स्वतः कारागीरच असतो: वरचा नट सोडविताना दांडा फिरू नये म्हणून त्याच्या चकचकीत अंगाला पक्कड लावली, की जो ओरखडा उठतो तो पुढे सीलला कापीत राहतो. दांड्याच्या टोकाला पाना किंवा ॲलन की धरावयाची सोय केलेली असते, तिचाच उपयोग करण्याचा आग्रह धरावा. धूळ अडविणारे रबरी आवरण फाटले तर ते लागलीच बदलावे. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा झोत नॉबच्या छिद्रात मारू नये, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा नोंदीतील खटक्यावर आणून ठेवावा, नाहीतर तो जाम होतो. कोकणात किंवा मुंबईत वावरणाऱ्या गाडीच्या आट्यांवर खारी हवा गंज चढविते. ते ब्रशने साफ करून कोरडे ठेवावेत.

बसविताना होणारी एक चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच खालचे बोल्ट आवळून टाकतात. मग गाडी जमिनीवर उतरताच रबरी बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हाताने लावून, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचा पिळ द्यावा.

कोपऱ्यावर दाबून गाडी किती डुलते ते पाहण्याची जुनी रीत अगदी थकलेला शॉकअप ओळखण्यापुरती ठीक आहे. त्याहून खात्रीची साक्ष टायर देतो: त्याच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवावा, ठराविक अंतराने खळगे लागले, तर चाक रस्त्यावर सारखे टेकत नाही. सुटे चाक सेकंदाला दहा-बारा वेळा नाचते, आणि थकलेल्या शॉकअपला ते नाचणे थांबविता येत नाही. अशा वेळी नॉब काही खटके घट्ट करून थोडा काळ निभावते. गळती लागली असेल तर निभावत नाही. शॉकअप बदलावयाचे तर एका आसाचे दोन्ही, एकटा कधीच नाही. चांगल्या प्रतीचे शॉकअप तेल, सील आणि वायू नवे घालून पुन्हा उभे करता येतात, परंतु ते काम वायू भरण्याचे यंत्र आणि रोध मोजण्याचे उपकरण असलेल्या कार्यशाळेचे; कोंडलेल्या नायट्रोजनचा दाब वातावरणाच्या वीस-पंचवीस पट असू शकतो, आणि असे नळकांडे रस्त्यावरच्या गॅरेजात कापणे जिवावर बेतण्याजोगे आहे. काळा रंग फासून 'नवा केलेला' म्हणून मिळणारा शॉकअप घेण्यापूर्वी दुकानदारासमोरच तो उभा धरून दांडा चार-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करावा: मध्येच कोठे रिकामी, रोधावाचूनची जागा लागली तर तो परत करून नाना पेठेतील पुढचे दुकान गाठावे.